पाणी कोणत्या तारखेला आटलं? कोकणातल्या गावाच्या जलसंधारण कामाचं मूल्यमापन, पायरीपायरीने

कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याच गावांत एप्रिलला टँकर येतो. कारण जमिनीत आहे. वर जांभा, त्याच्या खाली चिकट पांढरट-पिवळ्या मातीचा थर, त्याखाली काळा कातळ. जांभा सच्छिद्र असल्यामुळे पाणी भराभर पितो, पण तेवढ्याच भराभर सोडतो. मुरलेलं पाणी चिकट थरावर अडतं, आडवं सरकतं, डोंगरउतारावर झऱ्यांतून बाहेर पडतं आणि पऱ्ह्याने, म्हणजे लहान ओढ्याने, खाडीला मिळतं. बहुतेक विहिरी जुलैतच काठोकाठ भरतात. त्यानंतर पडलेल्या पावसाला मुरायला जागाच नसते. म्हणून यंदा पाऊस किती झाला आणि उन्हाळ्यात पाणी किती दिवस पुरलं, या दोन गोष्टींचा कोकणात देशावरच्याइतका थेट संबंध राहत नाही. जूनच्या झडीपेक्षा हस्ताचा पाऊस जास्त कामाचा.

गावाने श्रमदानातून बंधारे घातले, कुणाच्या देणगीतून पऱ्ह्याचा गाळ काढला, सरकारी योजनेतून चर खणले, आणि आता ‘याचा उपयोग झाला का, पुढे काय करू’ हे सांगायची जबाबदारी तुमच्यावर आली, तर या लेखातल्या पायऱ्या धरून चला. तुम्ही शिक्षक असा, ग्रामपंचायत सदस्य असा की मुंबईहून गावी परतलेले चाकरमानी, इंजिनिअर असण्याची गरज नाही. वही, टेप आणि चिकाटी लागते.

पायरी १ : मोजायचं काय, ते आधी ठरवा

सरकारी अहवालात दोन आकडे हमखास सापडतात: बंधारे किती झाले आणि साठवण किती टीसीएम. एक टीसीएम म्हणजे १० लाख लिटर. या दोन्ही आकड्यांवरून काम झालं एवढंच कळतं, पाणी पुरलं का ते कळत नाही. तुमचं मोजमाप एकच ठेवा: विहीर, झरा आणि पऱ्ह्या कोणत्या तारखेला आटतो, आणि ती तारीख कामानंतर किती दिवस पुढे गेली.

‘आटली’ म्हणजे काय, तेही आधी लिहून ठेवा. पूर्ण कोरडी पडलेली विहीर कोकणात क्वचितच दिसते, तळाला हातभर पाणी राहतंच. पण ते भरता येत नाही. सोपी व्याख्या अशी: सकाळी पंप सुरू होण्याआधी पाणी ३० सेंटिमीटरपेक्षा कमी असलेला पहिला दिवस. पंप नसलेल्या विहिरीसाठी, कळशी आडवी करूनही भरत नाही तो दिवस. झऱ्यासाठी, १० लिटरची बादली भरायला पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागतो तो दिवस. दुसरी कुठली व्याख्या गावाला पटली तरी चालेल, मात्र एकदा ठरली की ती मधेच बदलू नका.

पायरी २ : ऑक्टोबरात सुरुवात करा

मे महिन्यात येऊन मूल्यमापन करणारा माणूस फक्त दुष्काळ पाहून जातो. मोजणीचा हंगाम पाऊस परतला की सुरू होतो आणि मिरगापर्यंत चालतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. तुम्ही किमान या चार वेळा मोजाच, म्हणजे तुमचे आकडे त्यांच्या आकड्यांशेजारी ठेवता येतील. पण आटण्याची तारीख पकडायची तर जानेवारीपर्यंत पंधरवड्याने आणि फेब्रुवारीपासून दर आठवड्याला, ठरलेल्या वारी मोजावं लागतं.

पावसाची नोंदही हवी. महसूल मंडळाच्या पातळीवरचे आकडे तालुक्याच्या कृषी कार्यालयात मिळतात. त्यातून तीनच गोष्टी उतरवून घ्या: जून ते सप्टेंबरची बेरीज, २० सप्टेंबरनंतर पडलेला पाऊस आणि एप्रिल-मेमधला अवकाळी. शेवटचे दोन आकडे न पाहिल्यामुळेच बहुतेक निष्कर्ष चुकतात.

पायरी ३ : वरून खाली चाला

गावनकाशा घ्या, मोबाइलवर उपग्रहाचं चित्र उघडा आणि गावातली दोन माणसं सोबत घ्या. त्यातलं एक गुरं राखणारं असेल तर फार बरं. सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळपठारावरून, सुरुवात करून पऱ्ह्याच्या कडेने भातखाचरांपर्यंत आणि पुढे खाडीपर्यंत उतरा. उलटं चालू नका. पाणी कुठे निसटतं ते वरून येतानाच कळतं.

प्रत्येक कामापाशी थांबून नोंद करा. बंधाऱ्याची लांबी, उंची, भिंतीलगत पाण्याची खोली, मागे पाणी किती लांब तुंबलंय, गाळ किती (बांबू रोवून बघा, पाण्यातून सहज जातो तो गाळ, टणकन अडतो तो तळ), दोन्ही काठ भिंतीला चिकटून आहेत की बाजूने पाणी वळसा घालतंय, आणि बंधाऱ्याखाली १० पावलांवर जमीन ओली आहे का. बरग्यांचा (पाणी अडवायला बसवायच्या आणि काढता येणाऱ्या लोखंडी फळ्यांचा) बंधारा असेल तर बरगे कुणाच्या घरी आहेत, किती गंजलेत, रबरी पट्ट्या शिल्लक आहेत का आणि मागच्या वर्षी ते कोणत्या तारखेला बसवले, हे विचारा. तारीख न आठवता नुसतं ‘बसवतो ना दरवर्षी’ असं उत्तर आलं, तर बहुधा बसवले नव्हते.

बंधाऱ्याखाली पाझर दिसला की नवख्या माणसाला ती गळती वाटते आणि अहवालात लगेच ‘दुरुस्ती आवश्यक’ असं पडतं. थोडं थांबा. खालच्या अंगाला विहीर असेल आणि तिची पातळी टिकून असेल, तर तो पाझर म्हणजेच बंधाऱ्याचा उपयोग. खोटी गळती आणि खरी गळती ओळखायची खूण पाण्यातच असते. पाझर स्वच्छ आणि दिवसेंदिवस सारखा असेल तर त्याला हात लावू नका. पाणी गढूळ येत असेल, वाढत असेल किंवा सोबत माती आणत असेल तर भिंतीखालून माती धुऊन जातेय, आणि ते काम त्या आठवड्यातच करावं लागतं.

पायरी ४ : विहिरी निवडा, तुलनेच्या विहिरींसकट

सहा ते आठ विहिरी पुरतात. तीन-चार बंधाऱ्यांच्या जवळ, शक्यतो खालच्या अंगाला आणि पऱ्ह्यापासून शंभर-दीडशे मीटरच्या आत. दोन-तीन अशा, ज्यांच्यापर्यंत या कामाचं पाणी पोचूच शकत नाही: शेजारच्या पऱ्ह्यावरची वाडी किंवा बंधाऱ्यांच्या वरचा भाग. या तुलनेच्या विहिरी. समुद्र किंवा खाडी जवळ असेल तर खाऱ्याची भीती असलेली एक विहीर. आणि गावाचा एक झरा.

तुलनेच्या विहिरींना गावात कुणी महत्त्व देत नाही, ‘तिथे तर कामच झालं नाही, ती कशाला मोजता?’ असं विचारतात. त्या नसतील तर चांगल्या हस्ताचं श्रेय बंधाऱ्याला आणि कोरड्या ऑक्टोबरचा दोष श्रमदान करणाऱ्यांना जातो.

मोजायची पद्धत साधी आहे, चुका मात्र तिथेच होतात. विहिरीच्या काठावर ऑइल पेंटने एक आडवी खूण करा आणि दर वेळी तिथूनच मोजा. टेपच्या टोकाला छोटं वजन बांधा, शेवटच्या मीटरला कोरडा खडू घासा, टेप पाण्यात सोडा आणि भिजल्याची रेघ वाचा. खुणेपाशी वाचलेल्या आकड्यातून भिजलेला भाग वजा केला की खुणेपासून पाणी किती खाली आहे ते मिळालं. कठड्याची जमिनीपासूनची उंची एकदाच मोजून वेगळी लिहा. मोजणी पहाटे पंप सुरू होण्याआधी. साडेदहाला मोजलेली विहीर रात्रभर काय साठलं ते सांगत नाही, कुणी किती उपसलं ते सांगते.

मार्चमध्ये एकदा भरणी तपासा. पंपाने पातळी मीटरभर खाली आणा, पंप बंद करा आणि दर १० मिनिटांनी पाणी किती चढलं ते तासभर लिहा. तीन मीटर व्यासाच्या गोल विहिरीत १० सेंटिमीटर म्हणजे सुमारे ७०० लिटर. तासाला १२ सेंटिमीटर चढलं तर ८५० लिटर. दोन विहिरींची पातळी सारखी आणि भरणी निम्मी, असं कोकणात वरचेवर दिसतं. पातळीवर विसंबून नळयोजनेचा पंप बसवला की मग तो एप्रिलला हवा ओढतो.

पायरी ५ : वाहतं पाणी मोजा

झऱ्याला बादली आणि मोबाइलचं घड्याळ पुरे. १० लिटरची बादली ४० सेकंदांत भरली तर दिवसाला २१,६०० लिटर. माणशी रोज ५५ लिटर, म्हणजे जलजीवन मिशनचं प्रमाण धरलं तर ही बारीकशी धार ३९० माणसांची सोय करते. हे गणित ग्रामसभेत फळ्यावर मांडा; ‘झऱ्याला काय पाणी आहे!’ म्हणणारे गप्प होतात.

पऱ्ह्यासाठी व्ही आकाराच्या खाचेची पत्री वापरा. साठ सेंटिमीटर रुंद जाड पत्र्याला काटकोनी खाच कापून घ्यायची, पऱ्ह्याच्या अरुंद जागी उभी रोवायची आणि कडा चिकणमातीने बुजवायच्या. पाणी खाचेतूनच आणि खाली मोकळं पडलं पाहिजे. पत्रीच्या अर्धा मीटर मागे, पाणी शांत असतं तिथे, खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची मोजायची. पाच सेंटिमीटर असेल तर सेकंदाला पाऊण लिटर, दहा असेल तर सव्वाचार लिटरच्या आसपास, पंधरा असेल तर बारा लिटर. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पट होतं, त्यामुळे इथे अर्ध्या सेंटिमीटरची चूकही महागात पडते. पऱ्ह्या रुंद असेल तर सरळ वाहणाऱ्या पाच मीटरच्या पट्ट्यात सुकं पान किंवा बुचाचा तुकडा सोडून पाच वेळा वेळ घ्या, सरासरी वेगाला पात्राच्या छेदाने (पाण्याची रुंदी गुणिले सरासरी खोली) गुणा आणि दगडगोट्यांच्या उथळ पऱ्ह्यासाठी ०.७ ने पुन्हा गुणा. मध्यावर आणि पृष्ठभागावर पाणी जास्त वेगाने वाहतं, म्हणून ही कात्री.

आता बंधाऱ्याच्या साठ्याकडे बघा. पाणी ८० मीटर लांब तुंबलंय, सरासरी रुंदी ५ मीटर, भिंतीपाशी खोली १ मीटर. मागे खोली शून्यावर येते म्हणून सरासरी अर्धा मीटर, आणि पात्र कढईसारखं असल्याने त्यातलं ७० टक्केच धरायचं. हिशेब येतो १४० घनमीटर, म्हणजे १ लाख ४० हजार लिटर. चारशे वस्तीच्या वाडीला रोज २२ हजार लिटर लागतात, तेव्हा हा साठा सहा दिवसांचा. उन्हाळ्यात दिवसाला पाच मिलिमीटर वाफ धरली तर त्यातलेही रोज दोन हजार लिटर उडतात. उलट पत्रीवर पाच सेंटिमीटर दाखवणारी धार दिवसाला सुमारे ६६ हजार लिटर आणते. म्हणून बंधाऱ्यात दिसणाऱ्या पाण्यापेक्षा पऱ्ह्याची ती धार किती आठवडे टिकते आणि शेजारच्या विहिरीची पातळी किती दिवस धरून राहते, ते महत्त्वाचं. फोटोत मात्र तुंबलेलं पाणीच छान दिसतं.

पायरी ६ : मागची वर्षं शोधा

बहुतेक गावांत कामाआधीची एकही नोंद नसते. ती माणसांच्या आठवणीतून आणि कागदांतून उभी करावी लागते.

पाणी भरणाऱ्या बायकांना विचारा, पण तारीख विचारू नका, सण विचारा. ‘शिमग्याला पालखी घरी आली तेव्हा या विहिरीवर भरत होतात का? पाडव्याला? अक्षय्य तृतीयेला? मे महिन्यात मुलं आली तेव्हा कुठून आणत होतात?’ उत्तर चटकन आणि खात्रीने येतं. मग पंचांगातून प्रत्येक वर्षाची इंग्रजी तारीख काढा. इथे हमखास घोळ होतो. होळी २०२३ मध्ये ६ मार्चला होती, २०२४ मध्ये २४ मार्चला आणि २०२५ मध्ये १३ मार्चला. ‘दोन्ही वर्षी शिमग्यापर्यंतच पुरलं’ असं २०२३ आणि २०२४ बद्दल कुणी सांगितलं, तर प्रत्यक्षात पाणी १८ दिवस जास्त टिकलेलं असतं. एका विहिरीबद्दल तीन घरांत वेगवेगळं विचारा आणि मधली तारीख धरा.

कागद तीन. पंचायत समितीतली टँकरची नोंद: पहिली फेरी कधी, वाडीला किती फेऱ्या. ग्रामपंचायतीतली नळयोजनेच्या पंपाची वीजबिलं: एप्रिल-मेमध्ये युनिट घसरलं आणि लोकांची ओरड वाढली असेल, तर विहिरीत पाणीच नव्हतं. आणि पाणी सोडणाऱ्याची वही, असली तर. नसली तर त्याच्याशी चहा घ्या. कोणत्या महिन्यापासून एक दिवसाआड सोडायला लागलं, हे गावात त्याच्याइतकं कुणालाच पाठ नसतं.

पायरी ७ : वजाबाकी

समजा, बंधाऱ्यांजवळच्या विहिरी कामाआधी सरासरी ५ एप्रिलला आटायच्या, आता २४ एप्रिलला आटतात. एकोणीस दिवस वाढले. तुलनेच्या विहिरी आधी २८ मार्चला, आता ५ एप्रिलला. म्हणजे तिथेही, काहीच न करता, आठ दिवस वाढले. ते आठ पावसाचे. बंधाऱ्यांचे उरले अकरा. अहवालात अकरा लिहा, एकोणीस नव्हे.

एकाच वर्षाचे आकडे असतील तर त्याला ‘लक्षण’ म्हणा, ‘परिणाम’ म्हणायला तीन उन्हाळे जाऊ द्या. आणि वापर बदलला का ते पडताळा. मे महिन्यात मुंबई-पुण्याहून माणसं येतात आणि वाडीची वस्ती दुप्पट होते. नवी आंबा-काजूची कलमं लागली, घरगुती पर्यटनाच्या खोल्या झाल्या, कुणी पऱ्ह्यात पंप टाकला, वरच्या अंगाला बोअर मारली, तर बंधाऱ्याने वाढवलेलं पाणी विहिरीत दिसण्याआधीच संपतं. अशा वेळी ‘बंधारा निकामी’ हा निष्कर्ष अन्यायाचा. बंधाऱ्याच्या काठाने चालत सुटा आणि पाण्यात गेलेले पाइप मोजा.

खर्चाचाही हिशेब करा: सामान, यंत्राचं भाडं आणि श्रमदान, रोजगार हमीच्या दराने धरून. एकूण रक्कम भागिले वाढलेले दिवस, भागिले लाभ झालेली घरं. पोत्यांचा बंधारा आणि सिमेंटचा बंधारा यांची खरी तुलना इथेच होते. सिमेंटचा खर्च किती वर्षांवर वाटायचा ते मात्र गाळ किती वेगाने भरतोय ते पाहून ठरवा.

पायरी ८ : खारं आणि घाण

किनाऱ्यालगतच्या विहिरीत पाणी वाढलं की उपसा वाढतो, आणि उपसा वाढला की खारं आत येतं. खिशातला टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) घ्या आणि दर आठवड्याच्या मोजणीसोबत एक आकडा लिहा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतं. पण आकड्यापेक्षा त्याची चाल पाहा. फेब्रुवारीत ३०० आणि एप्रिलच्या अखेरीस ९०० होत असेल तर विहिरीची पातळी कितीही छान असो, तिथला उपसा कमी करायचा. भरतीच्या वेळी आणि ओहोटीच्या वेळी असं एकेकदा मोजलंत तर खाडीचा हात किती ते आणखी स्पष्ट होतं.

पोत्यांच्या बंधाऱ्यात गुरं पाण्यात बसतात, कपडे धुतले जातात, आणि तेच पाणी शेजारच्या विहिरीत झिरपतं. ग्रामपंचायतीकडे पाणी तपासणीचं किट असतं. त्यातली जिवाणूंची बाटली वापरून बघा. पाणी काळं पडलं तर विहीर पिण्याची नाही, निदान शुद्ध केल्याशिवाय नाही.

कुठे बिघडतं आणि का

सर्वांत जास्त बिघाड वनराई बंधाऱ्यात, म्हणजे पोत्यांच्या बंधाऱ्यात, कारण तोच सर्वांत जास्त बांधला जातो. आठ मीटर लांब, एक मीटर उंच, तळाला दीड मीटर आणि माथ्याला साठ सेंटिमीटर जाडीच्या बंधाऱ्याला सिमेंटची दोनशे ते तीनशे रिकामी पोती लागतात. पोती तीनचतुर्थांशच भरायची आणि तोंड शिवायचं, म्हणजे ती एकमेकांवर चपटी बसतात. विटांसारखे सांधे चुकवत रचायची. गच्च भरलेल्या पोत्यांमध्ये फटी राहतात आणि सगळं पाणी त्यातून निघून जातं.

नुसती पऱ्ह्यातली वाळू भरली तरी तेच होतं. आतल्या रांगांत माती हवी, आणि पाण्याच्या बाजूला प्लास्टिकचा कागद, ज्याचा खालचा काठ हातभर चरात दाबलेला. बंधाऱ्याखालचे गोटे न काढता रचलं की पाणी तळातून जातं. वरून बघणाऱ्याला बंधारा शाबूत दिसतो आणि मागे पाणी मात्र चढत नाही. दोन्ही काठांत पोती अर्धा मीटर आत घुसवली नाहीत तर पाणी काठ कापतं.

आणि उशीर. बंधारे घालायचा काळ ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबर, म्हणजे धार जोरात असते पण बंधारा वाहून नेत नाही तेव्हा. भातकापणी, झोडणी आणि मग दिवाळी यात हे दिवस निघून जातात, उद्दिष्ट पूर्ण करायला जानेवारीत बंधारे होतात आणि तेव्हा अडवायला पाणीच उरलेलं नसतं. मूल्यमापनात प्रत्येक बंधाऱ्यापुढे बांधल्याची तारीख लिहाच. बऱ्याचदा सगळं उत्तर त्या एका रकान्यात सापडतं. मे अखेरीस पोती काढलीत का तेही लिहा, नाहीतर उन्हाने कुजलेलं प्लास्टिक पहिल्या पुरात खाचरांत जातं. दगड रचून मध्ये प्लास्टिकचा कागद घालायचा ‘कोकण विजय’ बंधारा, जो दापोलीच्या कृषी विद्यापीठाने सुचवला आहे, तो जिथे दगड मुबलक आहे तिथे बरा पर्याय आहे.

गाळ काढणं लोकप्रिय आहे, कारण पोकलेन दिसतो. पण पऱ्ह्याच्या तळाचा चिकट थर यंत्राने फोडला की साठलेलं पाणी खालच्या कातळाच्या फटींतून निघून जातं, आणि खाडीच्या तोंडापाशी पात्र खोल केलं की भरतीचं पाणी आणखी आत येतं. गाळ काढलेल्या ठिकाणी त्याच्या वरच्या आणि खालच्या विहिरी मोजल्याशिवाय ‘यशस्वी’ लिहू नका.

सड्यावरचे समतल (उताराला आडवे खणलेले) चर बहुतेक ठिकाणी वाया जातात. वर वीतभर माती, खाली सलग कातळ, मुरणार कुठे? आणि तीव्र उताराच्या वस्तीवर, घरांच्या वरच्या बाजूला चर किंवा तळी हवी असतील तर भूवैज्ञानिकाचं मत घेतल्याशिवाय शिफारस करूच नका. अतिवृष्टीत भिजलेला उतार कसा सुटतो ते रायगड जिल्ह्याने २२ जुलै २०२१ ला तळियेत आणि १९ जुलै २०२३ ला इर्शाळवाडीत पाहिलं आहे.

पायरी ९ : शिफारशी

क्रम असा ठेवा: आधी आहे त्याची दुरुस्ती, मग वापराचे नियम, नवं बांधकाम सर्वांत शेवटी. गावाला आणि निधी देणाऱ्यालाही उलटा क्रम आवडतो, तरी हाच धरा.

‘जलसंधारणाबाबत जनजागृती करावी’ ही शिफारस नव्हे. शिफारशीत जागा, काम, माणूस, तारीख आणि रक्कम असते. उदाहरणार्थ: ‘खालच्या वाडीच्या साकवाजवळच्या बंधाऱ्याचे बरगे १५ ऑक्टोबर ते ५ नोव्हेंबरच्या दरम्यान बसवावेत; रबरी पट्ट्या सप्टेंबरात आणाव्यात; चावी आणि जबाबदारी पाणी समितीच्या दोन नावांवर; बरगे ३१ मेपर्यंत काढून ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेवावेत.’ किंवा: ‘१ फेब्रुवारीपासून बंधाऱ्यात खाजगी पंप लावू नयेत, बागांना आठवड्यातून ठरलेल्या दोन दिवशी पाटाने पाणी.’ हा दुसरा ठराव वादाचा असतो, तेव्हा बागायतदारांना ग्रामसभेआधी भेटा. सभेत अचानक मांडलात तर तो तिथेच पडेल.

आढळ आणि शिफारस यांची सांगड अशी घाला. विहिरीची भरणी चांगली पण साठा कमी, तर विहिरीतला गाळ काढा. भरणीच कमी, तर वरच्या अंगाला पाणी अडवा. झरा जोरात पण पाणी पऱ्ह्यात वाया, तर झऱ्यापाशी छोटी बंदिस्त टाकी आणि उताराने पाइप. पंप नको, बिल नको. अकरा दिवस वाढले तरी शेवटचे वीस दिवस टँकर लागतोच, अशा सड्यावरच्या वाडीत आणखी बंधारे सुचवू नका, छपराचं पाणी सुचवा. इथे छप्पर मोठं करून उपयोग नाही, पहिल्या आठवड्यातच टाकी भरून वाहते. टाकी किती मोठी आणि ती कधी वापरता, यावर सगळं अवलंबून. पाच माणसांच्या घराला पिण्या-स्वयंपाकापुरते रोज १०० लिटर धरले तर १० हजार लिटरची झाकलेली टाकी शंभर दिवस जाते. सप्टेंबरच्या पावसात ती धुऊन पुन्हा भरायची, कुलूप लावायचं आणि १ मार्चच्या आत उघडायची नाही.

पैशाची बाजू शिफारशीसोबतच लिहा. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात वित्त आयोगाचा बंधित निधी पाणी आणि स्वच्छतेसाठीच असतो. दुरुस्तीची कामं त्यात बसतात का ते ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) विचारा. पऱ्ह्यात पक्कं बांधकाम असेल तर जलसंधारण विभागाची परवानगी, जागा वनखात्याची असेल तर त्यांची, आणि खाडीलगत किनारपट्टीचे नियम. या परवानग्यांना महिने लागतात, म्हणून पक्क्या कामाची तारीख पुढच्या वर्षाची धरा.

अहवाल चार पानांत बसवा: नकाशा, तारखांचा तक्ता, वजाबाकी, शिफारशी. १ मेच्या ग्रामसभेला तो मांडा, तेव्हा चाकरमानीही गावात असतात आणि विहिरीची अवस्था सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते. बंधाऱ्यांच्या तारखा आणि माणसं २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत पक्की करा. मोजणीची वही शाळेत किंवा ग्रामपंचायतीत ठेवा, आणि मोजणाऱ्या दोघांपैकी एक जण तरी कायम गावात राहणारा असू द्या. पावसाळ्यात शेवाळ धरून काठावरची खूण दिसेनाशी होते. ऑक्टोबरच्या पहिल्या मोजणीआधी ती घासून त्याच जागी पुन्हा रंगवा, नाहीतर यंदाचे आणि गेल्या वर्षीचे सेंटिमीटर एकमेकांशी जुळणार नाहीत.